पिठाचा खोकला

"तिथंच थांबा, ताई." दारातच तिनं तापमापक नणंदेच्या कपाळासमोर धरला. ताप नव्हता, पण नणंद खोकली. तेवढं पुरे झालं.

बेकरीतल्या पिठाचा जुना खोकला आहे गं, नणंद परोपरीनं सांगत होती. पण ऐकतंय कोण! गेल्या वर्षी याच नणंदेनं आपली किडनी भावाला दिली होती. शरीरानं ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली. साधी सर्दीही त्याच्या जिवावर बेतली असती. बायको डोळ्यांत तेल घालून जपायची. चपलांच्या दुकानातलं काम आटोपून आली, की आधी स्वतःचं कपाळ तपासायची, मगच नवऱ्याजवळ जायची. नणंद सफरचंदांची पिशवी दाराबाहेर ठेवून निघून गेली.

आठवडाभरात नवऱ्याला धाप लागली. दवाखान्यात हलवावं लागलं. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. नवऱ्याच्या मावशींना तर तिनं ठणकावूनच सांगितलं, "किडनी दिली तसा खोकलाही देऊन गेल्या." बोलल्यावर तिला जरा हलकंसुद्धा वाटलं.

नणंदेची तपासणी करा, अशी गळ डॉक्टरांना तिनंच घातली. त्यांनी दोघींच्याही नाकातला नमुना घेतला. नणंदेकडे काहीच निघालं नाही. विषाणू सापडला तो हिच्या नाकात.

मला तर ना ताप, ना शिंक, ती पुटपुटली. डॉक्टर म्हणाले, तुमची प्रतिकारशक्ती धडधाकट, तिनं त्याला फार वाढू दिलं नाही, म्हणून तुम्हाला कळलंच नाही. श्वासातून मात्र तो बाहेर पडत राहिला. नवऱ्याकडे त्याला अडवणारं कुणी नव्हतं. तो थेट फुप्फुसात उतरला. आता तुम्ही आत जायचं नाही, जवळ बसायला तुमच्या नणंदेला बोलवा.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नणंद आली, काही न विचारता आत गेली. ही बाहेर बाकावर बसून राहिली.

संध्याकाळी धाप जरा उतरली. ते सांगायला नणंद बाहेर आली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशींचा चढा आवाज बाकापर्यंत पोचला. तुझी भावजय सांगते ते खरं का? नेमकं कुणामुळं झालं हे, एकदा सांग म्हणे. हिनं मान खाली घातली.

नणंदेनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"माझ्यामुळंच, मावशी. किडनी दिली तसा खोकलाही देऊन आले."