खोली शिल्लक नाही

“थांब जरा. हेच ते घर,” आशाताई म्हणाल्या.

ऋजुताने गाडी कडेला घेतली. चढावरचं जुनं दगडी घर होतं. अंगणात गुलाब होते, दाराला ताजा हिरवा रंग होता. सकाळपासून मायलेकी विंगफर्थमध्ये आणि आसपासच्या टेकड्यांवर गाडीने फिरत होत्या. बाबा गेल्याला वर्ष होत आलं होतं. लेस्टरच्या रिकाम्या घरातून आईला जरा बाहेर काढावं म्हणून ऋजुताने रजा घेतली होती. कुठे जायचं विचारल्यावर आईने लगेच डर्बीशरमधल्या या बाजाराच्या गावाचं नाव घेतलं होतं.

दिवस मात्र विचित्र गेला. वळणावळणाचे रस्ते, दगडी कुंपणं, त्यापलीकडे चरणाऱ्या मेंढ्या. आई हे सगळं डोळे भरून बघत होती, पण मध्येच भलत्याच चौकशा करत होती. चौकातल्या बाजारात तिने भाजीवाल्याला विचारलं, कोथिंबीर नेहमी येते का. मग लायब्ररीत डोकावून आली. बसस्टॉपपाशी उगाचच गाडी थांबवायला लावली. ऋजुता कंटाळली होती.

“कोणाचं घर?” तिने विचारलं.

“तेव्हा हे गेस्ट हाउस होतं. तू तान्ही होतीस. बाबांनी पहिली गाडी घेतली होती, तिसऱ्या हाताची. दिवसभर हेच रस्ते फिरलो आपण. संध्याकाळी गाडी बंद पडली, वर पाऊस. खिडकीत पाटी होती, खोली मिळेल म्हणून. बाबांनी बेल वाजवली. बाईने दार उघडलं, माझ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाली, खोली शिल्लक नाही.”

“नसेलही.”

“आम्ही फाटकापर्यंत पोचलो नव्हतो, तोच एक गोरं जोडपं आलं. त्यांना तिने आत घेतलं. पाटी खिडकीतच होती. आपण तिघं गाडीत झोपलो. तू सकाळपर्यंत रडत होतीस.”

“बाबा काही बोलले नाहीत?”

“बोलले ना. थँक यू म्हणाले.”

ऋजुताचे कान तापले. ती कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात होती. घर नाकारलेल्या माणसांच्या तक्रारी ऐकणं हेच तिचं काम. गप्प बसू नका, भांडा, असं ती परक्या माणसांना रोज सांगायची. आणि तिच्या स्वतःच्या बापाने भर पावसात, कडेवर पोर घेऊन, त्या बाईचे आभार मानले होते.

“हा गोष्ट तू मला कधीच का नाही सांगितली?”

“ही गोष्ट,” आईने सवयीने सुधारलं. “सांगून काय केलं असतंस?”

“हे केलं असतं.”

ऋजुता गाडीतून उतरली आणि फाटक ढकलून आत गेली. तिने मुठीने दार ठोठावलं. आतून कोणी ओ दिली नाही. तिने पुन्हा ठोठावलं. आत आता कोण असेल, त्याला आपण काय सांगणार, याचा तिने विचार केला नव्हता. कोणीतरी दार उघडावं आणि आपल्यासमोर मान खाली घालून उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं.

“सॉरी, सॉरी,” मागून आवाज आला. सुटातला एक तरुण धापा टाकत चढ चढून येत होता. “पार्किंग मिळत नव्हतं.”

“तुम्ही इथले मालक?” ऋजुता त्याच्यावर उसळली. “या घरात माझ्या आईवडिलांशी कसं वागले, माहीत आहे तुम्हाला? तान्ह्या मुलीसकट दारातून हाकललं त्यांना. पावसात.”

तो गोंधळला. मग त्याची नजर तिच्या मागे गेली.

“मिसेस चौबळ? मी एजंट, आपण फोनवर बोललो होतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट बघायचा होता ना?”

आशाताई फाटकातून आत येत होत्या. त्यांनी पर्स काखेत घेतली आणि निऱ्या सारख्या केल्या. ऋजुता त्यांच्याकडे वळली.

“तू इथे राहायला येणार? या घरात?” तिने मराठीत विचारलं. “आई, तुला राग नाही येत?”

“येतो ना. अजून येतो.” आशाताई पायरीवर थांबल्या. “पण तो दिवस फार सुंदर होता गं. हे डोंगर, ही कुंपणं. बाबांना म्हटलं होतं, म्हातारपणी इथे येऊन राहू. त्यानंतर दहा मिनिटांत त्या बाईने दार लावलं. खोली तिची होती. गाव तिचं नव्हतं.”

तरुणाने कुलूप काढलं आणि दार उघडून तो अदबीने बाजूला उभा राहिला.

“चल, आधी नीट बघून घेऊ,” आशाताई म्हणाल्या. “या वेळी नाही म्हणायचं झालं, तर ते मी म्हणेन.”