संपतची उडी

पुरणपोळीची कृती बघताना शालनच्या मोबाइलवर मध्येच नव्या मारधाडपटाचा ट्रेलर लागला. पुलावरून नायकाने मारलेली उडी क्षणभर चमकली आणि तिच्या काळजात धस्स झालं. ती उडी नायकाची नव्हतीच. त्याच्या जागी तिच्या नवऱ्याने, संपतने मारली होती, आणि तीतच तो गेला होता.

पुढच्या वेळी ट्रेलर लागला तेव्हा तीच उडी संथ गतीने आली. नंतर तर ट्रेलरमधले ढोल थांबले आणि संपतचा श्वास ऐकू आला. तिने ट्रेलर दाखवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"ताई, ट्रेलरची काटछाट आता माणसं करत नाहीत," तिकडची मुलगी म्हणाली. "तुमच्या मनगटावरचं घड्याळ काळजाचे ठोके मोजतं. ते जिथे वाढतात, तो प्रसंग ट्रेलर लांबवतो; जिथे वाढत नाहीत, तो गाळतो."

"अगं, मला ते बघवत नाही!"

"त्याला ठोके तेवढे कळतात, ताई."

शालनने घड्याळ काढून ठेवलं. बाहेर ओट्यावर शेजारच्या मालूताई मनगटावर तसंच घड्याळ बांधून आपल्या मोबाइलवर तोच ट्रेलर रंगून बघत होत्या. गाड्या उडत होत्या, स्फोट होत होते, नायक हसत होता.

"पुलावरची उडी आली का हो?" शालनने विचारलं.

"उडी? पहिल्यांदा होती वाटतं," मालूताई म्हणाल्या. "आता नाही दिसत."