अकोल्याच्या दाढा

अकोल्याच्या बाटलीतली शेवटची दाढ स्क्रीनवर गोल फिरली आणि तिचं तिसरं मूळ समोर आलं. नीलमने वहीत आडवी रेघ मारली. शंभरांत चौतीस. तिने पहिल्या पानापासून पुन्हा मोजलं. चौतीसच.

खालच्या पहिल्या दाढेला बहुतेकांना दोन मुळं असतात. क्वचित कुणाला तिसरं असतं, बारीक आणि आत वळलेलं. ते डॉक्टरच्या नजरेतून सुटलं की रूट कॅनल करूनही दाढ ठणकत राहते. नीलमचा एम.डी.एस.चा प्रबंध या तिसऱ्या मुळावर होता. अमरावतीच्या दवाखान्यांतून काढलेल्या शंभर दाढा, अकोल्याच्या शंभर. मेणाच्या पट्टीवर ओळीने बसवायच्या, थ्रीडी स्कॅन काढायचा, मुळं किती आणि त्यांच्या आतल्या नळ्या कशा वळतात ते नोंदवायचं. अमरावतीच्या शंभरांत तिसरं मूळ सहा दाढांना निघालं होतं. आणि शंभरेक किलोमीटरवरच्या अकोल्यात चौतीस.

तिचे मार्गदर्शक मनोज सर आकडा पाहून खुर्चीतून उठले. एरवी ते सहसा उठत नसत. दोन दिवसांत त्यांनी कारणही शोधून काढलं: खारपाणपट्टा. अकोल्याकडच्या विहिरींचं पाणी खारं, पिढ्यानपिढ्या तेच पोटात गेलेलं, त्याचा परिणाम दाढांवर होणारच. खाऱ्या पाण्याचा आणि तिसऱ्या मुळाचा संबंध आजवर कुणी तपासला नव्हता. पण सरांनी तो अशा ठाम आवाजात सांगितला की तपासायची गरज कुणालाच वाटली नाही. विभागातल्या अकोलेकरांची मात्र आठवडाभर यथेच्छ थट्टा झाली.

नागपूरच्या परिषदेने नीलमचा निबंध स्वीकारला. प्रबंध सोमवारी विद्यापीठात जमा व्हायचा होता. ती तारीख हुकली तर सहा महिने वाया. तिकडे नांदगाव खंडेश्वरला तिचे वडील नागसेन तहसील कचेरीत कारकून होते. मुलगी घराण्यातली पहिली डॉक्टर, त्यात आता तिने शोध लावलेला. त्यांनी सगळ्या कचेरीला चहा पाजला. नीलम फोनवर म्हणाली, बाबा, थांबा जरा. पण आतून तीही खूश होती, फार खूश होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपण या कॉलेजात चुकून आलेलो नाही.

शनिवारी ती पेढे घेऊन अकोल्याला गेली. जठारपेठेत डॉ. वर्षालींचा दवाखाना होता. अकोल्याची बाटली तिथेच भरली होती. भरली म्हणजे सुभद्रामावशींनी भरली. मावशी सकाळी घरच्या भाजीच्या दुकानावर बसायच्या आणि दहा वाजल्यापासून दवाखान्यातली अवजारं धुवायच्या. गेल्या वर्षी नीलमने औषधी पाण्याची बाटली त्यांच्या हाती दिली होती. खालची पहिली दाढ निघाली की धुऊन यात टाका, शंभर झाल्या की फोन करा, एवढंच सांगितलं होतं. अमरावतीची बाटली तीन महिन्यांत भरली. मावशींचा फोन यायला अकरा महिने लागले. त्यांच्या लक्षात राहत नसेल, असं नीलमने धरून चाललं होतं.

डॉ. वर्षाली आत रुग्ण तपासत होत्या. नीलमने पहिला पेढा मावशींना दिला आणि प्रबंध उघडून आभाराचं पान दाखवलं. त्यात मावशींचं नाव होतं, आडनावासकट. मावशींनी पदराला हात पुसले, नावावर बोट ठेवून वाचलं, परत एकदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. आपण नाव टाकलं ते किती बरं झालं, असं नीलमला मनापासून वाटलं.

मग मावशींनी विचारलं, "तीन पायाच्या किती निंगाल्या, म्याडम?"

"चौतीस."

"म्हंजे मशीन चांगली हाय तुमची. म्याही चौतीसच मोजल्या होत्या."

नीलमला काही उमगेना. मशीनच्या आधी तुम्ही कशाला मोजल्या, तिने विचारलं.

"तुमी बाटली द्याले आल्या, तवा ट्रेमंधी एक तीन पायाची पडेल होती. ते पाहून काय खूश झाल्या तुमी! म्हटलं, म्याडमले तशाच पाह्यजेत. त्याच निवडून ठेवू."

एका दवाखान्यात तशा फारशा निघत नव्हत्या. म्हणून मावशींनी शेजारच्या तीन दवाखान्यांतल्या बायांनाही सांगून ठेवलं होतं. रोज घरी जाताना त्या चारही ठिकाणच्या दाढा गोळा करायच्या, धुवायच्या, उलटून पालटून बघायच्या. अकरा महिन्यांत साडेपाचशे तरी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. तीन पायाची एकही त्यांनी वाया जाऊ दिली नव्हती.

नीलमने मनातल्या मनात भागाकार केला: साडेपाचशेत चौतीस, म्हणजे शंभराला सहाच. आतून डॉक्टरांची घंटी वाजली. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि जरा ओशाळून मागे वळल्या.

"पुऱ्या शंभर काही भेटल्या नाही, म्याडम. तुमाले उशीर होऊन राहिला होता, म्हून बाकीच्या सहासष्ट साध्याच टाकल्या."