आगीतून पाणी

बहात्तरच्या दुष्काळात गावातली विहीर आटली. पुंजाजी आणि त्याची बायको दोघंही खडी फोडायच्या कामावर जात. दोन कोसांवरून पाणी आणायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून अकरावीतल्या मुलीचं, वच्छलाचं, नाव शाळेतून काढायला पुंजाजी आला.

"आधी नारायणराव सरांना भेटा," हेडमास्तर म्हणाले. "तिचे वर्गशिक्षक तेच."

पुंजाजी प्रयोगशाळेच्या दारात जाऊन थांबला. आत टेबलाशी सरांच्या शेजारी वच्छलाच उभी होती. बाटलीत जस्ताच्या तुकड्यांवर ॲसिड फसफसत होतं आणि नळीच्या टोकाशी दिसेल न दिसेल अशी ज्योत होती. तिनं ज्योतीवर काचेचा कोरडा पेला पालथा धरला. काच वाफेनं धूसर झाली, मग आतून थेंब ओघळायला लागले. सगळा वर्ग पुढं झुकला.

पुंजाजीनं चपला दाराबाहेर काढल्या.

"सर, हे पानी कुठून आलं जी?"

"या वायूतून. हा हवेत जळला की त्याचं पाणी होतं."

"आगीतून पानी?"

"हाव बाबा, पाह्य ना," म्हणत वच्छलानं पेला त्याच्या हातात दिला.

त्यानं एका थेंबाला बोट लावलं आणि ते ओलं बोट दोन्ही डोळ्यांना लावलं.

"काय काम काढलंत?" सरांनी विचारलं.

"काई नाई जी. पोरीले सांगाले आलतो, सांजच्याले उशीर झाला तरी चालते. घरचं पानी आता मी आणत जाईन."