करवंदांचा गट

भिवाजी शाळेच्या खिडकीशी येऊन उभा राहिला तेव्हा आतून आवाजच येत नव्हता, आणि त्याला पहिला संशय आला तो तिथंच. चार इयत्तांची चाळीस पोरं एका खोलीत आणि चिडीचूप? पोरं गप्प बसतात ती मार खाल्ल्यावर, नाहीतर काहीतरी लपवताना.

नव्या जानकीबाईंना गावात येऊन महिना झाला होता. आल्या आल्या त्यांनी पोरांच्या रांगा मोडल्या, चार गट पाडले आणि खोलीचे चार कोपरे त्यांना वाटून दिले. गटांची नावं काय, तर आंबा, फणस, जांभूळ, करवंद. भिवाजीची जना करवंदांत. आंब्यात कोण, हे त्यानं विचारलंही नव्हतं. ते काय विचारायचं असतं? "करवंदांत आनखी कोन गं?" एवढंच काल त्यानं पोरीला विचारलं. "जैतू," म्हणून ती खेळायला पळाली. जैतू ठाकरवाडीतला. झालं! एक बौद्धाची, एक ठाकराचा. दीक्षा घेऊन अकरा वर्षं झाली तरी गावाच्या डोक्यातलं जात नाही ते नाहीच, आणि आता तर फळांच्या नावानं चाललंय.

म्हणून आज त्यानं रेल्वेच्या गँगमधली आपली पाळी बदलून घेतली होती. आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि तसंच असेल तर जनाचं नाव काढून तिला भिसेगावात मावशीकडे नेऊन ठेवायची. सात वर्षांची पोर. बायकोला हे मुळीच पसंत नव्हतं. पण इलाज काय?

त्यानं खिडकीतून आत डोकावलं. एका कोपऱ्यात दोरीवर पुस्तकं टांगली होती, तिथली पोरं ओठ हलवत वाचत होती. दुसऱ्यात पाट्या. तिसऱ्यात बाई स्वतः गोष्ट सांगत बसल्या होत्या, तीही दबक्या आवाजात. चौथा कोपरा अगदी दाराशी. तिथं पत्र्याच्या ताटात वाळू पसरली होती आणि जना बोटानं त्यात अक्षर गिरवत होती. शेजारी जैतूची पाठ दिसत होती. बाकी कोण असतील ते दाराच्या फळीआड.

वाळू! भिवाजीचं डोकंच फिरलं. याच शाळेत तो दीड वर्ष शिकला होता. ओटीवर बसून, वाळूत. पाटी आतल्यांना.

तो तरातरा दाराशी गेला.

"बाई, माज्या पोरीकडं पाटी हाय. नवीकोरी हाय. मंग तिला धुळीत कशापायी लिवायला लावता?"

चाळीस डोकी वळली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचं बघून चाळीसही पोरांनी ठेवलं आणि सगळी त्याच्याकडे टकामका बघत राहिली.

"जनाचे वडील ना तुम्ही?" बाई हळूच म्हणाल्या. "बसा. घंटा होईपर्यंत इथं मोठ्यानं बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

"लई वरसं गप बसलो आमी, बाई."

"दहाच मिनिटं बसा," म्हणून त्या पुन्हा गोष्टीकडे वळल्या.

काय बाई आहे! भिवाजी धुमसत खाली बसला, काढून ठेवलेल्या वहाणांच्या शेजारी.

एका मुलीनं उठून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला दिला. चारही गट उठले आणि एकेक कोपरा पुढं सरकले. कुणी कुणाला ढकललं नाही. दाराच्या फळीआडून करवंदं बाहेर आली; जना, जैतू, आणि त्यांच्या मागून चक्क पोलीस पाटलाचा नातू गजा, नाकाला वाळू फासलेला. करवंदं पुस्तकांकडे गेली आणि वाळूत आंबे येऊन बसले.

भिवाजी बघतच राहिला. पण संशय असा सुटतो होय? आपल्याला बघून केलं असेल. गजाला आत्ताच तिथं सारला असेल. शिकलेली बाई, तिला काय अवघड आहे! त्यानं दुसऱ्या घंटेची वाट बघितली. वाळूत फणस आले. तिसरीला जांभळं. पोरांच्या पायांना वाट पाठ होती. गँगमध्ये बारा जणांनी एका दमात रूळ उचलायचा, तर ते अंगात मुरायला त्याला सहा महिने लागले होते. आजच्या आज पढवलेली पोरं अशी चालत नाहीत, हे त्याला कळत होतं. कळूनही तो फळीआड काही दिसतंय का ते मान वाकडी करून बघत होता.

चौथ्या घंटेला सगळी पोरं मधोमध गोल करून बसली. या आठवड्याची नायक जना होती. तिनं खोलीभर नजर फिरवली, कपाळाला आठी घातली आणि बापासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, घंटा झाली. आत या."

"ऱ्हाऊ दे गं. हितंच बरा हाय मी."

"घंटा झाल्यावर भाईर कोनी बसायचं नाय. बाईंनी सांगितलंय." तिनं बोट खाली दाखवलं.

भिवाजीनं बघितलं. उंबरा त्याच्या गुडघ्यांच्या पुढं होता. बाई नुसतं बसा म्हणाल्या होत्या. कुठं बसा, ते त्या बोललेल्याच नव्हत्या.

"तुमाला भाईर कोनी बसवलं?" जनानं विचारलं.