पाणी सुटायच्या आत

वीरण्णानं यंत्र जावेदच्या पाठीवर चढवलं आणि पट्टे आवळले.

"सोडलेला श्वास ह्या चुन्याच्या डब्यातून साफ होऊन परत तुझ्याकडंच येतो. त्यात ऑक्सिजन मिसळत राहतो," तो म्हणाला. "दोन तास खाली राहशील. पण ऑक्सिजन जास्त झाला तर धडधाकट माणसाला बी फिट येऊ शकती. कागदावर तू 'न्हाई' लिहिलंयस, तरी शेवटचं विचारतो. तुला कधी आली होती का?"

"न्हाई," जावेद म्हणाला.

नौदलातून निवृत्त झालेल्या वीरण्णाच्या कानाचा पडदा फाटलेला होता, त्याला स्वतःला खाली जाता येत नव्हतं. नाहीतर दहा दिवस तरणतलावात शिकवलेल्या माणसाला त्यानं पुढं केलं नसतं.

नांदेडच्या ह्या घाटावर जावेदनं सतरा वर्षं बुडालेली माणसं वर काढली होती. आधी एका दमात, नंतर सिलिंडर लावून. काल मात्र शोधता शोधताच सिलिंडरची हवा संपली. डोह साठ फूट खोल, तळाला बुडालेल्या बाभळी. त्यातच कुठंतरी अहमदपूरचा शिवशंकर अडकला होता. कोचिंगची परीक्षा झाली म्हणून मित्रांबरोबर पोहायला आलेला. आज पाच वाजता वरच्या धरणातून पाणी सुटणार होतं. मग त्याचा देह वाहत धर्माबाद ओलांडून तेलंगणात गेला असता. आत्ता अडीच वाजले होते.

शिवशंकरची आई, तुळजाबाई, पायरीवर बसली होती. कालपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

घाटावर ऑटो थांबला. जावेदची आई जन्नतबी अनवाणीच उतरली. लेकाकडं न बघता ती सरळ वीरण्णासमोर गेली.

"साहेब, ह्याला मिरगी हाय. रमजानमध्ये आली, परत बकरी ईदला आली. गोळ्या चालू हायेत. तुमच्या कागदावर ह्यानं खोटं लिहिलंय."

वीरण्णाचा हात पट्ट्यावरच राहिला.

"अम्मी, तू घरी जा," जावेद म्हणाला.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. "रोज येती का?"

सगळे वळले. तुळजाबाई उभी राहिली होती.

"न्हाई, बाई," जन्नतबी म्हणाली. "दोनदाच आली."

"मग?"

वीरण्णानं पट्ट्यावरचा हात काढला. "खाली फिट आली की तोंडातली नळी सुटती. वरून मला काय बी करता येणार न्हाई. आता मी तुला उतर म्हणणार न्हाई."

जावेद गुडघाभर पाण्यात गेला. नळी तोंडात धरून त्यानं दोन-तीन श्वास घेतले. बकरी ईदला शुद्धीवर आला तेव्हा जीभ चावलेली होती, आणि मधला वेळ कुठं गेला ते त्याला कळलंच नव्हतं. चुलत्यानं सांगितलं, चार मिनिटं. पाणी गढूळ होतं. स्वतःची पावलंसुद्धा दिसत नव्हती.

त्यानं नळी काढली.

"माय, मला जमणार न्हाई," तो तुळजाबाईला म्हणाला. ह्या घाटावर हे तो कुणाला पहिल्यांदाच सांगत होता.

तिनं तोंड फिरवलं.

पाच वाजून गेल्यावर पाणी चढू लागलं. एकेक पायरी बुडत गेली. बघे पांगले. पाणी पायाला लागलं की तुळजाबाई एक पायरी वर सरकायची आणि पुन्हा बसायची. जन्नतबी जाऊन तिच्या शेजारी बसली.

"तुमचा गेला का घरी?" तुळजाबाईनं पाण्यावरची नजर न काढता विचारलं.

"न्हाई. तिथंच बसलाय, काठाला."

"घेऊन जा त्याला," तुळजाबाई म्हणाली. "पाण्याजवळ ठेवू नका."