काड्यांचा पूल

शेजारच्या टेबलावर तांबे सरांच्या मुलांनी केलेला आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल वजनाखाली कडकन मोडला. पोरं टाळ्या पिटत तुकड्यांवर वाकली. "सर, आधी हा सांधा सुटला!"

माझी मुलं आशाळभूतपणे तिकडेच बघत होती. मला सरांचा हेवा वाटला, रागही आला. स्पर्धा आठवड्यावर आलेली. आमच्या देखण्या पुलाला मी कुणाला बोटसुद्धा लावू देत नव्हते.

"बाई, आपला कुठे मोडेल?" रेवतीने विचारलं.

तो किती भार पेलेल ते मी गणिताने काढलं होतं. कुठे मोडेल, ते मला ठाऊक नव्हतं.

मी वजनांचा डबा तिच्याकडे सरकवला. "ठेव एकेक."

पूल मोडला तेव्हा माझ्या टेबलाशी पहिल्यांदाच गलका झाला. तांबे सर टाचा उंचावून इकडे बघत होते.